नागपुरात धंदा काढायचा तर कोणते दार आधी ठोठावायचे

नागपुरात कुणी नवा धंदा काढायचे मनावर घेतले की घरचे, शेजारचे, ओळखीचे सगळे एकच विचारतात, कर्ज कुठून काढणार? मग बँकेच्या चकरा सुरू होतात. कुणी सांगते मुद्रा घे, कुणी म्हणते पस्तीस टक्के माफ होणारी योजना आहे, कुणी एखाद्या एजंटाचा नंबर देते. या धावपळीत एक गोष्ट मागे पडते. धंदा दर वेळी पैशापाशीच अडतो असे नाही. कुणाचा माल टिकत नाही, कुणाला परवान्याची कल्पना नसते, कुणाकडे गिऱ्हाईक नसते, तर कुणाचा हिशेब मुळातच चुकलेला असतो. यांतल्या प्रत्येक अडचणीसाठी नागपुरात वेगळे दार आहे आणि त्यांतली बरीच दारे फुकट उघडतात. कर्जाचे दार या रांगेत बरेच शेवटाकडे येते. माझ्या मते नव्या माणसाची निम्मी दमछाक ही रांग उलटी धरल्यामुळे होते.

नागपूरचेच उदाहरण घेऊ. समजा, मानेवाड्याकडच्या एका ताईंना संत्र्याचा स्क्वॅश तयार करून विकायचा आहे. फळ इथले, नाव देशभर गाजलेले, नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन मिळालेले. पहिल्या दोन-चार बाटल्या घरच्यांना आवडतात. पण रस काढून, तापवून ठेवला की काही वेळाने त्याला कडवटपणा येऊ लागतो. ताईंना वाटते साखर कमी पडली, म्हणून त्या साखर वाढवतात, तरी कडूपणा जात नाही.

हा दोष हाताचा नाही, फळाचा गुणधर्म आहे. संत्र्याच्या पेशींत एक बेचव द्रव्य असते. रस काढताना पेशी फुटतात, हे द्रव्य आंबट रसात मिसळते आणि हळूहळू त्याचे लिमोनिन नावाचे कडू द्रव्य बनते. म्हणूनच ताजा रस गोड लागतो आणि ठेवलेला कडवट होतो. बियांत आणि फोडींच्या पांढऱ्या पापुद्र्यांत हे द्रव्य अधिक असते. नागपुरी संत्र्यात बिया असतातच, त्यामुळे यंत्रात बिया चिरडल्या गेल्या की रस आणखी बिघडतो. दहा लाखांचे कर्ज मिळाले तरी हा कडूपणा जाणार नाही. उलट दहा लाखांचे यंत्र तोच कडू रस जास्त प्रमाणात काढून देईल.

याचे उत्तर अमरावती रोडवर मिळू शकते. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था तिथे आहे. संत्रा, मोसंबी, लिंबू यांची लागवड, साठवण आणि प्रक्रिया हाच तिच्या अभ्यासाचा विषय. त्याच रस्त्यावर भरतनगरला पूर्वीची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपली एलआयटी. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी उपयोजित विज्ञान शिकवले जावे म्हणून आपली संपत्ती नागपूर विद्यापीठाला दिली आणि त्यातून १९४२ साली ही संस्था उभी राहिली. अन्न तंत्रज्ञान आणि तेल तंत्रज्ञान हे तिथले नावाजलेले विषय आहेत. एका उद्योजकाने गावाला देऊन ठेवलेली ही पुंजी आहे. नागपूरच्या छोट्या उद्योजकाने तिथे जाऊन निदान आपला प्रश्न विचारायला हवा. जाताना मात्र प्रश्न नेमका हवा. ‘मला फळप्रक्रियेचा उद्योग करायचा आहे, मार्गदर्शन करा’ एवढेच म्हटले तर हाती एखादे माहितीपत्रक पडते. ‘माझा रस काही तासांत कडू होतो, बिया न चिरडता रस काढणारे लहान यंत्र कोणते, आणि रस किती तापवू?’ असे विचारले तर उत्तर देणाऱ्यालाही उत्तर द्यावेसे वाटते.

पदार्थाचा कायदाही याच टप्प्यावर कळायला हवा. बाटलीवर ‘स्क्वॅश’ लिहायचे असेल तर अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे त्यात फळाचा रस किमान २५ टक्के आणि साखरेसह एकूण विरघळलेले घन पदार्थ किमान ४० टक्के असावे लागतात. ‘सिरप’ लिहायचे तर रस तेवढाच, पण घन पदार्थ ६५ टक्के. लेबल छापून झाल्यावर हे समजले तर सगळी लेबले रद्दीत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी घरगुती उद्योगालाही लागते आणि ती ऑनलाइन होते.

आता हिशेब. नव्या माणसाचा हिशेब बहुतेक वेळा दोन जागी फसतो. पहिली जागा स्वतःच्या मजुरीची. फळ, साखर, बाटली, झाकण, लेबल, गॅस, नासधूस, दुकानदाराचे कमिशन हे सगळे धरले जाते, पण रोज सहा तास उभे राहून केलेले काम शून्य रुपयांचे मानले जाते. धंदा वाढतो, मदतीला बाई ठेवावी लागते आणि त्या दिवशी नफा गायब होतो. दुसरी जागा खेळत्या भांडवलाची. नागपुरी संत्र्याचे बहार दोन, आंबिया आणि मृग. आंबियाचे फळ साधारण दिवाळीच्या सुमारास येते, मृगाचे होळीच्या आगेमागे. वर्षभर विकायचा माल त्या थोड्या महिन्यांत करून ठेवावा लागतो. म्हणजे कळमन्याच्या बाजारात किंवा काटोल-नरखेडच्या कास्तकाराला पैसे आज द्यायचे आणि बाटलीचे पैसे मे महिन्यात मिळायचे. मधल्या महिन्यांसाठी लागणारा पैसा प्रकल्प अहवालात नसेल तर यंत्र आणून ठेवलेला धंदा कच्च्या मालावाचून बसून राहतो.

हा हिशेब मांडायला शिकवणारेही आहेत. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ही राज्य शासनाची प्रशिक्षण संस्था १९८८ पासून काम करते आणि जिल्ह्याजिल्ह्यात तिची माणसे आहेत. ग्रामीण भागातल्या तरुणांसाठी बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, ज्यांना सगळे आरसेटी म्हणतात. तिथले प्रशिक्षण, राहणे, जेवण विनामूल्य असते. ही कल्पना मूळची कर्नाटकातल्या उजिरे गावची. धर्मस्थळाच्या संस्थेने दोन बँकांना सोबत घेऊन १९८२ साली तिथे पहिली संस्था काढली आणि पुढे केंद्र सरकारने तोच नमुना देशभर नेला. प्रशिक्षण झाल्यावरही पुढचा काही काळ ही माणसे उमेदवाराचा पाठपुरावा करतात, कर्जप्रकरण बँकेत न्यायला मदत करतात. प्रमाणपत्र मिळाले की लोक तिकडे फिरकत नाहीत, हे पाहून मला वाईट वाटते, कारण या प्रशिक्षणाचा खरा उपयोग त्यानंतरच्या पाठपुराव्यात आहे.

मग येते सिव्हिल लाइन्समधले उद्योग भवन. जिल्हा उद्योग केंद्रे देशात १९७८ साली सुरू झाली, ती लहान उद्योजकाला दहा खात्यांत फिरावे लागू नये म्हणून. नागपूरचे केंद्र याच इमारतीत आहे. आणि त्याच उद्योग भवनात विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशनचेही कार्यालय आहे. १९६३ पासूनची ही उद्योजकांची संघटना, ‘व्हीआयए’ म्हणून ओळखली जाणारी. तिची महिला उद्योजकांची स्वतंत्र शाखाही आहे. म्हणजे योजना राबवणारे सरकार आणि त्या योजनेचे बरेवाईट अनुभव गाठीशी असलेले कारखानदार एकाच छताखाली बसतात. सरकारी टेबलावर योजनेचे नियम कळतात. कोणत्या बँकेची कोणती शाखा लहान प्रकरणे मनावर घेते, हिंगण्यात शेड भाड्याने मिळणे किती अवघड, लेबल छापणारा कोण चांगला, हे मात्र संघटनेत बसलेला माणूसच सांगू शकतो. केंद्र सरकारचे एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कार्यालय सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये आहे. तिथे अल्प मुदतीची प्रशिक्षणे होतात आणि मोठ्या खरेदीदारांशी गाठ घालून देणारे मेळावेही भरतात.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी करायच्या उद्यम नोंदणीसाठी कुठेही जावे लागत नाही. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते. आधार आणि पॅन एवढे पुरते, आणि शुल्क शून्य. सरकारी वाटावीत अशी नावे घेतलेली खासगी संकेतस्थळे यासाठी हजार-दोन हजार रुपये उकळतात. पैसे मागणारे पान उघडले की ते बंद करावे.

इथवर आल्यावर कर्जाचा विचार करायला हरकत नाही. नागपूरच्या लहान उद्योजकापुढे साधारण तीन वाटा असतात. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासूनचा, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासूनचा, आणि ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेली मुद्रा. मुद्रामध्ये अनुदान नसते, फक्त विनातारण कर्ज असते. शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत, तरुण गटात दहा लाखांपर्यंत, आणि आधीचे तरुण कर्ज नीट फेडलेल्याला २० लाखांपर्यंत. हात बसवून पाहायचा असेल तर शिशु-किशोर गटातले छोटे कर्ज मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

‘पस्तीस टक्के माफ’ या बोलण्यामागचे गणित जरा उलगडून पाहू. पंतप्रधान योजनेत स्त्रिया विशेष गटात येतात, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, अपंग हेही. विशेष गटाला शहरात २५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात ३५ टक्के. सर्वसाधारण गटाला अनुक्रमे १५ आणि २५. मानेवाड्याच्या ताईंचा प्रकल्प आठ लाखांचा धरू. त्यांनी स्वतःचे पाच टक्के, म्हणजे ४० हजार घालायचे. उरलेले ७ लाख ६० हजार बँक देणार. शहराच्या हिशेबाने अनुदान दोन लाख. हे दोन लाख ताईंच्या हाती पडत नाहीत. ते बँकेत त्यांच्या नावे तीन वर्षे मुदत ठेवीत राहतात. त्या ठेवीवर त्यांना व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षे धंदा चालू आहे, जागेवर आहे, हे प्रत्यक्ष पाहणीत सिद्ध झाले की रक्कम कर्जात वळती होते. मधेच धंदा बंद पडला तर अनुदान परत जाते.

उरलेल्या ५ लाख ६० हजारांवर ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर हप्ता महिन्याला बारा हजारांच्या पुढे जातो. या बारा हजारांसाठी किती बाटल्या विकाव्या लागतील, हा प्रश्न ‘अनुदान किती’ याच्या आधी विचारायचा. आणि आणखी एक. शहर आणि खेडे यांत दहा टक्क्यांचा, म्हणजे या उदाहरणात ८० हजारांचा फरक पडतो म्हणून काही जण कलमेश्वर-हिंगण्याकडच्या एखाद्या गावात जागा घेतात. कच्चा माल तिकडचा असेल तर उत्तमच. पण गिऱ्हाईक बर्डी-इतवारीत आणि यंत्र तीस किलोमीटरवर असेल, वरून वीज जात-येत असेल, तर हे ८० हजार वर्षभरात डिझेलमध्येच संपतात.

अन्नप्रक्रियेसाठी २०२० साली आलेली पीएमएफएमई योजना राज्यात कृषी विभाग राबवतो. तिच्यात प्रत्येक जिल्ह्याचा एक पदार्थ ठरवलेला आहे आणि नागपूरचा अर्थातच संत्रा. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख, असे तिचे अनुदान. या योजनेतली मला सर्वांत आवडलेली तरतूद म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्ती. प्रकल्प अहवाल करणे, अर्ज भरणे, बँकेचा पाठपुरावा करणे हे तिचे काम, आणि प्रकरण मंजूर झाले की मानधन सरकार देते. अर्जदाराने दमडीही द्यायची नाही. एजंटाला अहवालाचे आठ-दहा हजार मोजण्याआधी कृषी कार्यालयात या व्यक्तीचे नाव विचारावे. योजनांच्या मुदती आणि मर्यादा दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, म्हणून तिथेच त्या वर्षीचे नियमही विचारून घ्यावेत.

सामाजिक गटांसाठी वेगळी महामंडळे आहेत. महात्मा फुले, अण्णासाहेब पाटील, अण्णाभाऊ साठे, वसंतराव नाईक, संत रोहिदास, आदिवासींसाठी शबरी. अण्णासाहेब पाटील महामंडळ व्याजाचा परतावा देते, म्हणजे हप्ता आधी वेळेवर भरायचा आणि व्याज मागाहून खात्यात येते. बचत गटांच्या बायकांसाठी १९७५ पासूनचे महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम आहे. सुतार, कुंभार, शिंपी, चांभार अशा अठरा कारागिरीच्या व्यवसायांना २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत १५ हजारांची अवजारे आणि पाच टक्के व्याजाने आधी एक, मग दोन लाखांचे कर्ज मिळू शकते. पथविक्रेत्यांसाठी महापालिकेमार्फत स्वनिधी योजना आहे.

बँक अडते तेव्हा काय करायचे? सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१० पासूनचा आहे. अशा कर्जाची हमी घेणारा ट्रस्ट २००० सालापासून अस्तित्वात आहे. शाखेत कुणी घराचे कागद मागितले तर या नियमाची शांतपणे आठवण करून द्यावी. अर्जाची पोच घ्यावी. नकार आला तर कारण लेखी मागावे. ‘साहेब नाही म्हणाले’ हे कारण पुढे कुठेच चालत नाही. लेखी कारण घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जाता येते. नागपूर जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ इंडिया आहे.

पैसेवाल्याला नवा धंदा दिसत नाही ही नागपूरची जुनीच गोष्ट आहे. जमशेदजी टाटांनी १८७४ मध्ये कंपनी काढून रेल्वे स्टेशनजवळच्या दलदलीची जमीन भरावाने भरायला घेतली. तेव्हा गावातल्या एका सावकाराने, हा माणूस खड्ड्यात सोने ओततो आहे, असे म्हणत भाग घ्यायला नकार दिला, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली, नफा वाटू लागली, आणि टाटांनी माती टाकून सोने काढले, हे त्याच सावकाराने कबूल केले. टाटांकडे मुंबईचे भागधारक होते. पण नागपूरच्या कोष्टीपुऱ्यांत हातमागाची मिळकत आटत गेली तेव्हा हलबा कोष्टी कुटुंबांकडे कुणीच नव्हते. त्यांनी घरच्या झणझणीत रश्श्याची खानावळ काढली आणि आज सावजी हे नाव नागपूरची ओळख झाले आहे. त्यांच्याकडे भांडवलाऐवजी ओळखीचे गिऱ्हाईक होते, आणि खायला येणारा माणूस रोख पैसे देत होता.

गिऱ्हाईक हाच सर्वांत मोठा आधार, आणि नागपुरात मोठी गिऱ्हाइके भरपूर आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल यांची मुख्यालये इथे आहेत, अंबाझरीची आयुध निर्माणी आहे, रेल्वे आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी असे धोरण आहे. त्यांत ३ टक्के स्त्रियांच्या आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून. उद्यम नोंदणी असेल तर निविदेची अनामत रक्कम माफ होते. हातमोजे, गणवेश, खोकी, नटबोल्ट, कँटीनची चटणी, असे किती तरी लहान लहान माल ही मोठी आस्थापने विकत घेतात. जेम या सरकारी बाजारपेठेवर नाव नोंदवले की निविदा दिसू लागतात.

मोठ्या गिऱ्हाइकाची मोठी अडचण म्हणजे थकलेले बिल. माल गेला, कौतुक झाले, पैसे मात्र सहा महिने नाहीत, आणि इकडे हप्ता चुकला. चांगला चाललेला धंदा नागपुरात काय, कुठेही, असाच बसतो. २००६ च्या एमएसएमई कायद्याने यावर मोठे हत्यार दिले आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार सरकारी संकेतस्थळावर करता येते आणि ती असे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेपुढे जाते. परिषदेने दिलेल्या निवाड्याला खरेदीदाराने आव्हान द्यायचे ठरवले तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. आयकर कायद्यातल्या बदलामुळे वेळेत न दिलेले आणि वर्षअखेरीसही थकलेले बिल २०२३-२४ पासून खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चच्या आधी आठवण करून दिली की बिले भराभर निघतात.

हे संरक्षण माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला मिळते, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला नाही. उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी, कारण मागाहून केलेल्या नोंदणीवर समोरचा वकील बोट ठेवतो. बिलावर उद्यम क्रमांक छापावा. आणि प्रत्येक खेप पोचवताना चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर घेणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी परत आणू नये, कारण परिषदेत पहिला कागद मागतात तो हाच.